गादीवर तापलेली डिस्क

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांना गोष्ट ओळखीची वाटेल. ज्यांचा इयरफोन नेमका घरी राहिला, त्यांच्यासाठी ही लिखित प्रत. बोलताना जिथे अडखळलो ते गाळलंय, आकडे जरा नीट मांडलेत, बाकी जवळपास तसंच आहे.

मे महिना, अकोला, दुपारचे साडेतीन. बाहेर ४५ अंश. मी मामाच्या घरी वरच्या खोलीत, पत्र्याखाली बसून आजीचे व्हिडिओ एडिट करत होतो. आजी दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या शेवटच्या दिवाळीत मी तिला समोर बसवून तासन्‌तास बोलतं केलं होतं. लग्नाची गोष्ट, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेली ती गोष्ट, जात्यावरच्या ओव्या. हे सगळं एका छोट्या एसएसडीवर होतं. बोटभर लांबीची पट्टी, अ‍ॅल्युमिनियमच्या डबीत बसवलेली, केबलने लॅपटॉपला जोडलेली. दुसरी प्रत नव्हती. हो, माहीत आहे मला. आधी ऐकून तर घ्या.

एक्स्पोर्ट ऐंशी टक्क्यांवर अडकला. मग लॅपटॉपने सांगितलं, डिस्क सापडत नाही. डबीला हात लावला तर चटका बसला. आणि ती मी ठेवली कुठे होती, तर कापसाच्या गादीवर. माझा आवाज ऐकून मामा वर आला. मामाचं आयुष्य ट्रॅक्टरची इंजिनं उघडण्यात गेलंय. त्याने डबी उचलली, उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाला, “अबे, गादीवर कायले ठेवली इले? फरशीवर ठेव न खाली. इंजन तापलं का आपन लगेच किल्ली मारतो का?”

खालच्या खोलीत शहाबादी फरशीवर ती अर्धा तास पडून होती. मग केबल लावली, आणि आली. सगळ्या फाइलींसकट आली. त्या अर्ध्या तासात देवाजवळ मी काय काय कबूल केलं ते सांगत नाही.

पण प्रश्न उरलाच. ट्रॅक्टरच्या इंजिनात पिस्टन धावतो. ह्या डबीत काहीच हलत नाही. ना मोटर, ना फिरती तबकडी. एसएसडीला ‘डिस्क’ म्हणतो ते निव्वळ सवयीने. मग न हलणाऱ्या वस्तूला एवढा चटका कशाचा? आज एसएसडीवर तांब्या-अ‍ॅल्युमिनियमचे पंख असलेले ठोकळे बसवून विकतात, कधी कधी तर वर इवलासा पंखा. ही वेळ कशी आली, तो आजचा विषय.

तेलात बुडवलेली मेमरी

संगणक तापतो ही तक्रार संगणकाइतकीच जुनी आहे. १९४६ साली फिलाडेल्फियात एनिअ‍ॅक जगासमोर आला तेव्हा त्यात सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि तो साधारण १५० किलोवॉट वीज खायचा. खाल्लेली वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. म्हणजे आपल्या बाथरूममधले दोन किलोवॉटचे पाऊणशे गिझर एकाच हॉलमध्ये चालू ठेवल्यासारखं. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक सुरू झाला, त्यातही २,७०० ट्यूब होत्या. तेव्हा तापायचं ते गणित करणारं यंत्र. आकडे लक्षात ठेवणारा भाग वेगळा, आणि त्याची तऱ्हाही वेगळी.

टिफ्रॅकची मेमरी फेराइट कोअरची होती. मोहरीएवढ्या चुंबकीय कड्या तारांच्या जाळ्यात ओवलेल्या, एका कडीत एक बिट. ह्या कड्यांना तापमानाचा फार सोस. कडीचं चुंबकत्व उलटं करायला किती करंट लागेल हे तिच्या तापमानावर ठरायचं. जाळ्याचा एक कोपरा गरम आणि दुसरा गार असला की एका ठिकाणी करंट जास्त व्हायचा, दुसरीकडे कमी पडायचा. आयबीएमने त्या काळातल्या स्ट्रेच आणि सुरुवातीच्या ७०९० ह्या मोठ्या संगणकांत ह्यावर जालीम उपाय काढला. कोअर मेमरी चक्क तेलात बुडवली आणि त्या तेलाचं तापमान एकसारखं राखलं.

हे मी मुद्दाम सांगतोय. तेलाचं काम मेमरीला बर्फासारखं गार करण्याचं नव्हतं, तर सगळीकडे सारखं ठेवण्याचं होतं. ही गोष्ट पुढे परत येणार आहे.

दरम्यान १९५६ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये आयबीएमने रॅमॅक बनवला, म्हणजे हार्ड डिस्कचा खापरपणजोबा. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, वजन टनाच्या आसपास, आणि एवढ्यात मावायची ५० लाख अक्षरं. तुमच्या फोनवरचा एक बरा फोटो. पुढची पन्नास वर्षं साठवण म्हणजे फिरती तबकडी हेच समीकरण राहिलं. त्या डिस्कही तापायच्या, पण मोटरमुळे, आणि त्यांच्याभोवती धातूचं जाडजूड कवच असायचं. २००७ साली गूगलच्या अभियंत्यांनी आपल्याकडच्या एक लाखाहून जास्त हार्ड डिस्कचा हिशोब छापला. सगळ्यांची समजूत होती की डिस्क जितकी गरम तितकी लवकर मरणार. आकड्यांत तसं दिसलं नाही. उलट कमी तापमानात चालणाऱ्या डिस्क जास्त बिघडताना दिसल्या. फार गरम आणि फार जुन्या असतील तेव्हाच उष्णतेचा थोडा फटका दिसला. डेटा सेंटरवाल्यांना हायसं वाटलं असणार, कारण एसीचं बिल हा त्यांचा कायमचा घोर.

पण एसएसडीला हा निकाल लागू पडत नाही. का, ते कळायला तिच्या पोटात जावं लागेल.

पाझरणारं मडकं

१९६७ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये डावोन कांग आणि सायमन झी ह्या दोघांनी एक कल्पना मांडली. कांग मूळचे कोरियाचे, झी तैवानमध्ये वाढलेले. कल्पना अशी, की ट्रान्झिस्टरच्या आत धातूचा आणखी एक थर घालायचा, आणि तो चारही बाजूंनी विजेला अडवणाऱ्या थराने बंद करायचा. ह्या कोंडलेल्या थरात इलेक्ट्रॉन ढकलले की वीज गेली तरी ते तिथेच. आहेत की नाहीत, एवढ्यावर एक बिट लक्षात राहतो. ह्याला तरंगतं गेट म्हणतात, कारण ते कुठल्याच तारेला जोडलेलं नाही. त्यांच्या पहिल्या प्रयोगात हे इलेक्ट्रॉन तासाभराहून थोडे जास्त टिकले. आज हसू येईल, पण वीज बंद असताना एक तास लक्षात ठेवणं ही तेव्हा मोठीच गोष्ट होती.

तासाभराची वर्षं कशी झाली? १९७१ मध्ये इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी ईप्रॉम आणला. त्याच्यावर काचेची छोटी खिडकी असायची. त्यातून अल्ट्राव्हायोलेट उजेड पाडला की आतलं सगळं पुसलं जायचं. आता गंमत बघा. ही चिप दहा वर्षं टिकेल असं ग्राहकाला सांगायचं तर तपासायचं कसं? दहा वर्षं थांबून? अभियंते चिपा भट्टीत ठेवतात. स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते अर्‍हेनियस यांनी १८८९ मध्ये रासायनिक क्रियांसाठी जे सूत्र मांडलं, तेच इथे कामाला येतं: तापमान थोडं वाढलं की क्रियेचा वेग पटीत वाढतो. त्यामुळे भट्टीतले काही दिवस म्हणजे बाहेरची कित्येक वर्षं. मातीच्या मडक्यातून पाणी पाझरतं तसे इलेक्ट्रॉन त्या थरातून पाझरतात, आणि उष्णता हा पाझर वाढवते. मेमरीची उमर मोजायला भट्टी हेच घड्याळ.

म्हणजे एसएसडीचं आणि उष्णतेचं वैर जन्मापासूनचं आहे. फक्त बरीच वर्षं कुणाला ते जाणवलं नाही.

मग येतात फुजिओ मासुओका. जपानमधल्या तोशिबा कंपनीतले अभियंते. एकेक बिट पुसण्याऐवजी मोठा भाग एका झटक्यात पुसता आला तर चिप स्वस्त होईल, हे त्यांच्या डोक्यात होतं. त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी म्हणाले, हे तर कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं झालं. नाव पडलं फ्लॅश. १९८४ मध्ये मासुओकांनी ते जगापुढे मांडलं आणि १९८७ मध्ये नँड फ्लॅश आणलं, जे आज तुमच्या फोनमध्ये, पेन ड्राइव्हमध्ये, एसएसडीमध्ये बसलंय. कंपनीला त्याचं मोल उशिरा कळलं. १९९४ साली ते नोकरी सोडून तोहोकू विद्यापीठात शिकवायला गेले. २००४ मध्ये त्यांनी आपल्याच जुन्या कंपनीवर १०० कोटी येनचा दावा ठोकला, आणि २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. जगभरच्या फोनमध्ये जाऊन बसलेल्या शोधाचे एवढेच पैसे! असो, हा रागाचा विषय आहे, वेगळा भाग करावा लागेल.

हमालाला फुटणारा घाम

फ्लॅशची पहिली एसएसडी १९९१ मध्ये सनडिस्कने आयबीएमच्या लॅपटॉपसाठी बनवली. तेव्हा कंपनीच्या नावात ‘सॅन’ नव्हतं, ‘सन’ होतं. तिच्या तीन संस्थापकांपैकी एक कानपूरला जन्मलेले संजय मेहरोत्रा. मावायचे २० मेगाबाइट, किंमत सुमारे १,००० डॉलर. ती तापायची का? तापण्याइतकं कामच नव्हतं हो तिला.

इथे एक फरक नीट समजून घेऊ, कारण आजचा अख्खा भाग त्याच्यावर उभा आहे. एसएसडीच्या पट्टीवर दोन प्रकारच्या चिपा असतात. एक नँड, म्हणजे धान्याचं कोठार. दुसरी कंट्रोलर, म्हणजे पोती वाहणारा हमाल, आणि तोच मुकादमही. कुठली फाइल कुठे ठेवायची, कुठला कप्पा किती झिजलाय, वाचताना आलेल्या चुका गणिताने कशा दुरुस्त करायच्या, हे सगळं तो सेकंदाला लाखो वेळा करतो. पोती वेगाने हलू लागली की घाम हमालाला फुटतो, धान्याला नाही. माझ्या डबीतला चटका बराचसा ह्या कंट्रोलरचा होता. यूएसबीशी बोलणारी आणखी एक चिप त्याच डबीत होती, तिनेही हातभार लावला.

जोवर एसएसडी सॅटा केबलवर होती तोवर हमाल निवांत होता. ती केबल सेकंदाला साडेपाचशे मेगाबाइटच्या पुढे काही जाऊ द्यायची नाही. शिवाय जुनी पद्धत एका वेळी एकच रांग आणि रांगेत ३२ हुकूम अशी, म्हणजे फिरत्या तबकडीसाठी बेतलेली. आणि डिस्कला १०० बाय ७० मिलिमीटरचं, बहुधा धातूचं खोकं. दोन-तीन वॉटची ऊब त्यात विरून जायची.

मार्च २०११ मध्ये एनव्हीएमई हे नवं मानक आलं. आता एका रांगेच्या जागी पासष्ट हजार रांगा, प्रत्येकीत तितकेच हुकूम. त्याच सुमाराला लॅपटॉप पातळ व्हायचं वेड लागलं आणि खोकं गेलं. उरली एम.२ नावाची उघडी पट्टी, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. काम कैक पटींनी वाढलं आणि अंग चोरून बसायची वेळ आली. माझ्या मते एसएसडीच्या तापण्याचा इतिहास ह्या दोन निर्णयांत आहे. दोन्ही आपापल्या जागी शहाणेच होते, पण ते एकाच पट्टीवर येऊन भेटले.

२०१५ मध्ये सॅमसंगची ९५० प्रो आली, सेकंदाला २,५०० मेगाबाइट वाचणारी. लोक खूश झाले, आणि सतत ताण दिला की वेग घसरतो हे परीक्षणं लिहिणाऱ्यांच्या लगेच लक्षात आलं. पुढच्या वर्षी ९६० आली तेव्हा तिच्या पाठीवरच्या स्टिकरमध्ये तांब्याचा पातळ पापुद्रा होता, उष्णता पसरवायला. स्टिकरमध्ये! मला ही फार देशी युक्ती वाटते. जागा नाही, पैसा नाही, मग आहे त्या कागदाला कामाला लावा.

स्टिकर फार काळ पुरला नाही. जुलै २०१९ मध्ये पीसीआयई ४ वाले मदरबोर्ड आले, आणि तैवानच्या फायसन कंपनीचा कंट्रोलर घेऊन सेकंदाला ५,००० मेगाबाइटच्या एसएसडी आल्या. गिगाबाइटने आपल्या एसएसडीवर अख्खा तांब्याचा ठोकळा चढवला. सप्टेंबर २०२१ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ५ मध्ये स्वतःची एसएसडी बसवायची मुभा दिली. त्या वेळी स्पष्ट सांगितलं की तिच्यावर उष्णता ओढणारं काहीतरी असलंच पाहिजे, आणि सगळं मिळून ११० मिलिमीटर लांब, २५ रुंद आणि ११.२५ उंच ह्याच्या आत बसलं पाहिजे. ‘हीटसिंक’ हा शब्द कितीतरी पोरांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिनाभर पट्टीने मापं काढणं चालू होतं.

२०२३ पासून पीसीआयई ५. वेग १०,००० मेगाबाइट आणि वर, वीज भर कामात अकरा-बारा वॉटच्या घरात. घरातला ९ वॉटचा एलईडी बल्ब तासभर चालवून त्याची मान धरून बघा. त्याहून जास्त उष्णता त्या बोटभर पट्टीवर. सुरुवातीच्या काही एसएसडी हीटसिंकशिवाय चालवल्या तर हळू होण्याऐवजी सरळ बंद पडायच्या. माझी पडली तशाच.

स्वतःला ताप सांगणारी डिस्क

आधुनिक एसएसडी आपलं तापमान स्वतः मोजते आणि विचारलं की सांगते. एनव्हीएमई मानकात ते केल्विनमध्ये सांगायचं असं ठरलंय, ३४३ म्हणजे आपले ७० अंश. सॉफ्टवेअर ते बदलून दाखवतं म्हणून आपण घाबरत नाही. दोन उंबरठे असतात. पहिला ओलांडला की इशारा, आणि कंट्रोलर आपली गती कमी करतो. ह्याला थ्रॉटलिंग म्हणतात. दुसरा ओलांडला की जीव वाचवायला काम थांबवणं. पहिला उंबरठा बऱ्याच घरगुती एसएसडींत सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास असतो.

थ्रॉटलिंगला लोक शिव्या देतात. मला त्याबद्दल कळवळा आहे. २०१५ मध्ये फेसबुक आणि कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी फेसबुकच्या डेटा सेंटरमधल्या एसएसडींचा जवळपास चार वर्षांचा हिशोब मांडला. तापमान वाढलं तसं बिघाडाचं प्रमाण वाढलं, पण ज्या एसएसडी तापल्यावर आपला वेग आवरत होत्या त्यांच्यात हा फटका कमी दिसला. हार्ड डिस्कच्या वेळी गूगलला जे दिसलं नव्हतं ते इथे दिसलं. हळू होणं हा तिचा बचाव आहे.

मात्र वेग पडला की दरवेळी तापच आलाय असंही नाही. बहुतेक एसएसडी आधी आपल्या एका भागात भराभर, एका कप्प्यात एकच बिट असं लिहून घेतात आणि मग सवडीने घडी घालून आत ठेवतात. दोनशे जीबीची फाइल टाकली की ही पुढची पडवी भरते आणि वेग धाडकन खाली येतो. तेव्हा तापमान बघा. पंचेचाळीस-पन्नास असेल तर हीटसिंक घेऊन काही फायदा नाही.

आणि घेतलाच, तर तो काय करतो ते माहीत असू द्या. तांबं हवेपेक्षा सुमारे पंधरा हजार पट सहज उष्णता वाहून नेतं. चिप आणि धातू यांच्यामध्ये कागदाएवढी हवा राहिली तरी सगळं मुसळ केरात. म्हणून मधे तो मऊ थर्मल पॅड. त्याच्या दोन्ही बाजूंना पातळ प्लास्टिक असतं, ते काढायचं असतं. हसू नका, न काढता बसवणारे मी तीन जण ओळखतो, त्यातला एक हा भाग बोलतोय. मदरबोर्डसोबत हीटसिंक मिळाला असेल तर वेगळा घेऊ नका. हीटसिंक उष्णता गिळत नाही, फक्त हवेकडे सोपवतो. हवाच हलत नसेल, किंवा पट्टी ग्राफिक्स कार्डच्या खाली कोंडलेली असेल, तर थोड्या वेळाने ठोकळाही तितकाच तापतो. तिथे जागा बदलणं हा फुकटचा उपाय. वॉरंटीवालं स्टिकर मात्र उगाच सोलू नका.

आता ते तेल आठवा. नँडला फार गार करूनही चालत नाही. किंचित ऊब असताना लिहिलेलं तिला सोसतं, उलट बरं पडतं. पण खूप गरम असताना लिहिलं आणि एकदम गार असताना वाचलं, किंवा उलट, तर कप्प्यांच्या खुणा सरकतात आणि कंट्रोलरला जास्त चुका दुरुस्त कराव्या लागतात. आयबीएमच्या तेलात जी गोष्ट होती तीच, साठ वर्षांनी दुसऱ्या रूपात. म्हणून हमालाला वारा घाला, कोठाराला बर्फ नको. तापलेली एसएसडी फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बाहेर काढली की माठासारखं पाणी धरेल. आमच्या विदर्भातल्या वाळ्याच्या कूलरसमोर धरणंही तसंच, ती हवा ओली असते.

गादीचं काय चुकलं ते आता सांगतो. कापूस म्हणजे बहुतांशी अडकवलेली हवा. थंडीत आपण तिच्यात शिरतो ते त्यासाठीच. अ‍ॅल्युमिनियमची डबी हाच माझ्या एसएसडीचा हीटसिंक होता, आणि मी तिला दुलईत घातलं होतं. खोलीतली हवा चाळीसच्या वर, त्यामुळे सत्तरचा उंबरठा गाठायला तिला तीसच अंश चढायचे होते. पुण्यात डिसेंबरमध्ये हेच काम तिने केलं असतं आणि मला पत्ताही लागला नसता. एसएसडीच्या जाहिरातीतला वेग नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी एसीमधला असतो.

फोनवाल्यांसाठी एक वाक्य: तुमच्या फोनमध्येही नँड आणि कंट्रोलरच आहेत, पंखा नाही, आणि पाठीवर रबराचं कव्हर. चार्जिंगला लावून उन्हात व्हिडिओ शूट करताना तो मधेच थांबला तर कव्हर काढा आणि सावलीत ठेवा.

माळ्यावरचं कपाट

हे सगळं वाचून झाल्यावर मला खरा घाम फुटला तो वेगळ्याच गोष्टीने. आजीची डिस्क मी दोन वर्षं कुठे ठेवली होती? मामाकडेच, त्याच पत्र्याखालच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, आजीच्या लुगड्यांच्या घडीत. बंद, विजेविना.

मेमरीची मानकं ठरवणारी जेडेक नावाची संस्था आहे. तिच्या मानकात घरगुती एसएसडीसाठी अट अशी की पूर्ण झिजलेली, म्हणजे ठरलेलं सगळं लिखाण करून झालेली डिस्क विजेविना ३० अंशांवर ठेवली तर माहिती एक वर्ष टिकली पाहिजे. आणि त्याच मानकाच्या गणितात, ठेवण्याच्या जागेचं तापमान दर पाच अंशांनी वाढलं की ही मुदत साधारण निम्मी होते. तेच ते पाझरणारं मडकं. २०१५ मध्ये ह्या आकड्यांवरून एसएसडी आठवडाभरात सगळं विसरते अशा बातम्या फिरल्या होत्या, त्या अतिरंजित होत्या. अट पूर्ण झिजलेल्या डिस्कसाठी आहे. माझी जवळपास नवी होती, आणि नवी डिस्क ह्याच्या कितीतरी पट टिकते. म्हणून वाचलो.

पण दोन उन्हाळे, बंद लोखंडी कपाट, पत्र्याखाली. मी हिशोब पूर्ण केला नाही, वही मिटली. चालू असताना तापली तर डिस्क आपल्याला सांगते, हळू होते, रुसून बंद पडते. बंद असताना तापली तर ती कुणाला सांगणार?

त्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही अंगणात टेबल मांडलं. डबी स्टीलच्या उपड्या ताटावर, शेजारी टेबल फॅन. मामा खुर्ची घेऊन राखणीला बसला, मधूनमधून डबीला बोट लावून बघत, जसं रेडिएटरला बघतो तसं. कॉपी होता होता सहज एक फाइल लावली. आजी जात्यापाशी बसली होती, आणि गायच्या आधी तिने कॅमेऱ्याकडे बघून विचारलं, “सुरू झालं का रे ते?” मामा काही बोलला नाही. फॅनचा स्पीड एकने वाढवला.

आता तीन प्रती आहेत. एक साध्या हार्ड डिस्कवर, पुण्यात. एक क्लाउडवर. तिसरी ती डबी, जी मी दर दिवाळीला जोडून सगळ्या फाइली एकदा उघडून बघणार आहे. कपाटात आता फक्त लुगडी आहेत.

तुमच्या घरी अशी एखादी डिस्क कुठे, कुठल्या पत्र्याखाली पडली असेल तर आज रात्री, गारव्याला, जोडून बघा आणि काय निघालं ते मला व्हॉइस नोटवर सांगा. पुढच्या शनिवारी भेटू.